घरबसल्या पदवीची पारख

विद्या आणि पदवी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तोंडाने सर्वजण कबूल करतात. व्यवहारात मात्र पुष्कळांना त्याचा विसर पडतो. विद्या मिळवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ह्या व्याख्यानमालेला येणाऱ्या श्रोत्याजवळ दारावर कोणी दाखला मागत नाही, आणि तो उठून घरी निघाला म्हणजे त्याच्या हाती कोणी प्रमाणपत्रही ठेवत नाही. तरी तो रिकामा जात नाही. आमच्याही नावापुढे पदवी नाही. आमचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, आणि विद्येपुरते बोलावयाचे तर त्याची आम्हांस खंत नाही. पदवीची गोष्ट निराळी. पदवी हे नाणे आहे. नाण्याची किंमत त्याच्या चकाकीवर नसते. ते कोणत्या टांकसाळीने पाडले आणि बाजारात ते कोण घेतो, ह्यावर असते. खोटे नाणे घेऊन जो दुकानात जातो, त्याने ते घामाच्या पैशाने मिळवले होते की फुकट, हे दुकानदार विचारीत नाही. तो नाणे परत करतो, एवढेच.

आज हा प्रश्न आमच्या शहराच्या कामगारवस्तीत दाराशी येऊन उभा आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा ह्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली की बसची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या हातातील फोनवर जाहिरात येते : नोकरी सांभाळून पदवी, घरबसल्या पदवी, हप्त्याहप्त्याने पदवी. तो आय.टी.आय. झालेला असतो, सुपरवायझरच्या जागेसाठी डिप्लोमा मागतात. त्याची बायको बारावी झालेली असते. तिला अंगणवाडीत वा एखाद्या कचेरीत अर्ज करावयाचा असतो. कंत्राटी कामगाराला वाटते की, पदवी हाती आली तर कंत्राटदाराच्या हजेरीपटातून आपले नाव एकदाचे निघेल. ही हौस नाही, गरज आहे. आणि जेथे गरज खरी असते तेथे फसवणूक सोपी असते. पैसा बुडाला तर तो पुन्हा मिळवता येतो. पण रात्रीची झोप मोडून घालवलेली तीन वर्षे आणि नोकरीसाठी उलटून गेलेली वयोमर्यादा कोणी परत देत नाही.

घरबसल्या शिक्षणाला आमचा विरोध आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. दूर राहून शिकणे ही काही आजची टूम नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८२ साली आंध्र प्रदेशात देशातील पहिले खुले विद्यापीठ निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. गिरणीतला, शेतातला, घरातला माणूस पदवीधर झाला तो पुष्कळदा ह्याच वाटेने. आणि विद्यापीठ जवळ येणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे महाविद्यालय, पुढे जे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले ते, ह्या शहरात उघडले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्यानंतर ज्या घरांतून पहिला पदवीधर निघाला, त्या घरांची गणती करणे कठीण आहे. आता विद्यापीठ आणखी जवळ, थेट खिशातल्या फोनवर आले, तर त्यात वाईट काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षणाचे विनियम काढले, आणि मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाईन पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा स्पष्ट केले. ह्या वाक्यातील ‘मान्यता असलेल्या’ ह्या दोन शब्दांवरच सगळा डोलारा उभा आहे.

ह्या शब्दांचा अर्थ कामगाराला समजावून सांगणे आम्हांस सोपे जाते, कारण नोंदणी आणि मान्यता ह्यांतील भेद त्याने कारखान्याच्या दाराशी पाहिलेला असतो. १९२६ च्या कायद्याखाली कोणतेही सात कामगार एकत्र येऊन युनियनची नोंदणी करण्यास अर्ज करू शकत. पण व्यवस्थापनाने जिच्याशी बोलणी करावयाची ती मान्यताप्राप्त युनियन होण्यासाठी महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याप्रमाणे सहा महिने किमान तीस टक्के सभासद दाखवून औद्योगिक न्यायालयाचे प्रमाणपत्र मिळवावे लागे. नोंदणीचा कागद भिंतीवर टांगला म्हणून करारावर सही करण्याचा अधिकार येत नसे. शिक्षणातही अगदी हेच आहे. एखादी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असते, सोसायटी म्हणून नोंदलेली असते, तिच्याजवळ आय.एस.ओ.चे प्रमाणपत्र असते, तिच्या पाटीवर ‘सरकारमान्य नोंदणीकृत’ असे ठसठशीत लिहिलेले असते. हे सारे खरे असूनही तिला पदवी देण्याचा काडीचाही अधिकार नसू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : पदवीवर शिक्का कोणाचा पडणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २२ वे कलम ह्याबाबतीत स्पष्ट आहे. संसदेच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, केंद्र सरकारने अभिमत म्हणून घोषित केलेले विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, ह्यांखेरीज कोणालाही पदवी देता येत नाही. २३ वे कलम तर ‘विद्यापीठ’ हा शब्दसुद्धा भलत्या संस्थेला नावात वापरू देत नाही. तरीही असली दुकाने निघतातच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. तीत महाराष्ट्राच्या रकान्यात नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चे नाव वर्षानुवर्षे छापले गेले. यादी उघड्यावर असताना लोक फसत राहतात, ह्याचे एक कारण असे की, १९५६ च्या कायद्याने ह्या गुन्ह्याला ठेवलेली शिक्षा आहे ती फक्त एक हजार रुपयांपर्यंत दंडाची. चोरापेक्षा कुलूपच जेथे नाजूक, तेथे घरमालकाने जागे राहिले पाहिजे.

बरे, नुसता कायदा दाखवला म्हणजेही भागत नाही. छत्तीसगड राज्याने २००२ साली असा कायदा केला की, त्याखाली वर्षभरात शंभरावर खाजगी विद्यापीठे निघाली. त्यांतील कित्येकांना ना इमारत होती, ना अध्यापक. प्राध्यापक यशपाल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमेच रद्द केली. विद्यापीठेच गेली, तर विद्यार्थ्यांचे काय व्हावयाचे? त्यांना दुसऱ्या विद्यापीठांच्या पदराआड सामावून घेण्याची वाट न्यायालयास दाखवावी लागली.

येथून दुसरा प्रश्न निघतो, आणि आमच्या मते सर्वांत अधिक माणसे ह्याच ठिकाणी ठेच खातात. विद्यापीठ खरे आहे, एवढ्याने त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम खरा ठरत नाही. मान्यता पाहावयाची ती अशी : हाच अभ्यासक्रम, ह्याच पद्धतीने, ह्याच सत्रासाठी मंजूर आहे काय? बसचा परवाना पुणे मार्गाचा असताना ती जालन्याला नेली, तर परवाना खरा असूनही गाडी बेकायदाच. २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, कायदा, शेती, हॉटेल व्यवस्थापन असे कित्येक विषय दूरशिक्षणाने वा ऑनलाईन शिकवून पदवी देण्यास मनाईच आहे. एम.फिल. आणि पीएच.डी.लाही तीच मनाई आहे. २०२५ साली तर आयोगाने आरोग्यसेवेशी संबंधित विषय, त्यांत मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्रही आले, त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून ह्या पद्धतीतून काढून टाकले. गेल्या वर्षी शेजाऱ्याने जो अभ्यासक्रम केला तो यंदा बंद झालेला असू शकतो, तो असा.

वाळूजच्या एका कारखान्यातील आमच्या एका सभासदाची हकीकत सांगण्याजोगी आहे. हा फिटर. दुसऱ्या राज्यातील एका संस्थेचा यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा त्याने दूरशिक्षणाने केला. शहरातील एका गाळ्यात तिचे ‘केंद्र’ होते. तेथे तो दरमहा हप्ता भरी, आणि परीक्षाही तेथेच होई. बढतीसाठी त्याने प्रमाणपत्र पुढे केले, तेव्हा कार्मिक विभागाने ते तपासून परत पाठवले. केंद्राकडे जावे, तर गाळ्याला कुलूप. तो आमच्याकडे आला तो भांडावयास तयार होऊन; पण भांडावयाचे कोणाशी? व्यवस्थापनाच्या बढतीच्या नियमात ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द होता आणि तो नियम आम्हीच करारात मान्य केलेला होता. तो माणूस मशीनवर आजही इतरांपेक्षा सरस आहे. शिकलेले त्याच्याजवळ राहिले; पैसे आणि जागा गेली.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव म्हणावे, तर सर्वोच्च न्यायालयाचा ३ नोव्हेंबर २०१७ चा निकाल पाहावा. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक ती मंजुरी न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. ओडिशातील एका सरकारी महामंडळातील बढतीच्या वादातून हे प्रकरण वर आले. न्यायालयाने २००१ ते २००५ ह्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेस बसण्याची संधी दिली. त्यानंतरच्या सत्रांच्या पदव्या सरळ रद्द केल्या आणि त्या विद्यार्थ्यांची फी परत करण्यास विद्यापीठांना फर्मावले. त्या पदवीवर मिळालेली बढती काढून घ्यावी, मात्र हाती पडलेला पैसा वसूल करू नये, असेही न्यायालयाने म्हटले. ही विद्यापीठे बनावट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. विद्यापीठे खरी, अभ्यासक्रम विनापरवाना. हे सारे नोकरीतील मोठी, संसारी माणसे होती. दहा-बारा वर्षे उलटल्यावर पायाखालची फळी निघाली.

मग हे तपासावयाचे कोठे? आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डी.ई.बी.च्या संकेतस्थळावर, प्रत्येक सत्रासाठी कोणत्या संस्थेला कोणते अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि कोणते ऑनलाईन चालवण्याची मुभा आहे, ह्याची यादी असते. तीत विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, पद्धत आणि सत्र ही चारही जुळली पाहिजेत. तीन जुळून एक चुकले तरी थांबावे. २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने त्याच संकेतस्थळावर स्वतःचा डी.ई.बी. क्रमांक काढणे सक्तीचे झाले आहे. ‘तो क्रमांक नंतर बघू, आधी पैसे भरा’ असे जो म्हणेल, त्याच्यापासून लांब राहावे. व्यवस्थापन, संगणक असल्या विषयांत तंत्रशिक्षण परिषदेसारख्या संबंधित नियामक संस्थेची संमती आहे की नाही, हेही पाहावे लागते.

तिसरा प्रश्न अधिस्वीकृतीचा. मान्यता म्हणजे दार उघडण्याचा परवाना. अधिस्वीकृती म्हणजे आतला माल कोणीतरी तपासून दिलेला दर्जा. आपल्या देशात हे काम मुख्यतः ‘नॅक’ ही, १९९४ साली स्थापन झालेली बंगळूरची संस्था करते. सर्वसाधारण विद्यापीठाला ऑनलाईन अभ्यासक्रम काढावयाचा तर नॅकचा ४ पैकी किमान ३.०१ गुणांक, अथवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, अशी अट २०२० च्या विनियमांनी घातली. पण जाहिरातीतल्या ‘ए’ अक्षराने दिपून जाऊ नये. नॅकची श्रेणी संस्थेला असते, एकेका अभ्यासक्रमाला नसते; आणि तिला मुदत असते. श्रेणी कोणत्या वर्षीची आणि कधीपर्यंतची, हे विचारावे. ज्या पाटीवर श्रेणी आहे आणि तारीख नाही, ती पाटी अर्धीच वाचली असे समजावे.

परदेशी नावांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. २०१५ साली कराचीच्या ‘ॲक्झॅक्ट’ कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. ह्या कंपनीने इंटरनेटवर इंग्रजी धाटणीच्या नावांची कित्येक विद्यापीठे उभी केली होती, जी फक्त पडद्यावरच होती. आणि त्या विद्यापीठांना ‘अधिस्वीकृती’ देणाऱ्या संस्थाही त्याच गोतावळ्यातल्या होत्या! चोराने स्वतःचाच चौकीदार नेमावा, तसला हा प्रकार. म्हणून अधिस्वीकृती कोणी दिली, एवढ्यावर न थांबता त्या देणाऱ्याला कोणी अधिकार दिला, हेही पाहावे. आमच्या देशात अशी परदेशी पदवी चालावयाची, तर समकक्षतेचा दाखला लागतो. आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विनियम काढले, आणि फ्रँचायझी पद्धतीने मिळालेल्या परदेशी पदवीला त्यांत जागा ठेवली नाही.

चौथा प्रश्न श्रेयांकांचा. हा शब्द आता महाविद्यालयांतून नित्याचा झाला आहे, पण घराघरांत अजून पुरता कळलेला नाही. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक, आणि वर्षाच्या बाराशे तासांना चाळीस श्रेयांक. कामगाराने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक धरले, तर ३,६०० तास झाले. आठ तासांची पाळी करून जो माणूस सुटीचा दिवसही न वगळता रोज तीन तास अभ्यासाला देईल, त्याला १,२०० दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षांहून थोडा अधिकच काळ लागेल. आता ‘एका वर्षात पदवी’ ह्या जाहिरातीकडे पुन्हा पाहावे. खोटेपणा ओळखण्यास कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते.

श्रेयांकांचा मोठा गुण असा की, ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येतात. एका कारखान्यातील नोकरी सुटली तरी भविष्यनिर्वाह निधी बुडत नाही. तो त्याच माणसाच्या क्रमांकावर दुसऱ्या कारखान्यात जातो. तशी सोय शिक्षणात व्हावी म्हणून आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम काढले. विद्यार्थ्याचे खाते उघडते. त्यात श्रेयांक जमा होतात. ते सर्वसाधारणपणे सात वर्षे टिकतात. आणि पुरेसे साठले म्हणजे त्यांच्या आधारे प्रमाणपत्र, पदविका वा पदवी घेता येते. बाळंतपणासाठी, बदलीमुळे वा घरच्या आजारामुळे ज्यांचे शिक्षण मध्येच सुटते, त्यांच्यासाठी ही सोय केवढी मोठी आहे, हे सांगावयास नको.

पण बँक म्हटली की बँकेचे नियम आले. पहिला नियम असा की, खात्यात श्रेयांक विद्यार्थी भरीत नाही; नोंदलेली शिक्षणसंस्था भरते. बँकेत नोंद नसलेल्या संस्थेने कितीही श्रेयांक छापून दिले, तरी ते खात्यात जाणार नाहीत. दुसरा नियम असा की, ज्या संस्थेची पदवी घ्यावयाची, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत. चार गावचे पाणी गोळा करून पाचव्याच विहिरीचे नाव सांगता येत नाही. तिसरा नियम, एकदा एका पदवीसाठी खर्ची पडलेले श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यासपीठाचेही असेच आहे. जुलै २०१७ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. शिकावयास काही पडत नाही, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क असते. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांप्रमाणे एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून करता येतात. पूर्वी ही मर्यादा वीस टक्के होती. मात्र आपल्या महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम आधी स्वीकारलेला असला पाहिजे आणि परीक्षा ठरलेल्या केंद्रावर देऊन उत्तीर्ण झाले पाहिजे. नुसती व्याख्याने पाहिली म्हणून श्रेयांक जमा होत नाहीत.

ह्या साऱ्याचे सार आम्ही एका वाक्यात सांगतो, आणि ह्या लेखातील हे एकच वाक्य कोणी ध्यानात ठेवले तरी आमचे काम झाले : श्रेयांकाची किंमत देणारा ठरवीत नाही, घेणारा ठरवतो. ‘आमचे श्रेयांक सर्वत्र चालतात’ असे विकणारा म्हणतो. ते चालतात की नाही, हे ज्या विद्यापीठात पुढे जावयाचे त्याला विचारले पाहिजे. पदवी बढतीसाठी हवी असेल, तर आपल्या कार्मिक विभागाला विचारले पाहिजे. नोकरीसाठी हवी असेल, तर त्या जाहिरातीतील अट वाचली पाहिजे. आणि विचारावयाचे ते पैसे भरण्यापूर्वी. उत्तर घ्यावयाचे ते लेखी. ‘अहो, साहेब तोंडी म्हणाले होते’ ह्या वाक्याची कामगार न्यायालयात काय किंमत होते, ते आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

पाचवा आणि अखेरचा प्रश्न पैशाचा : तो कोणाच्या खात्यात जातो? विद्यापीठाची फी विद्यापीठाच्या खात्यात भरावी आणि विद्यापीठाची पावती घ्यावी. मधल्या कंपनीच्या वा केंद्रचालकाच्या खात्यात भरू नये. फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवणे २०२० च्या विनियमांत बसत नाही, हे आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये, शिक्षणाचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांचा उल्लेख करून, जाहीरपणे बजावले आहे. दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र आपल्या राज्याबाहेर थाटता येत नाही. म्हणून आमच्या शहरातील गल्लीत असली पाटी दिसली, तर ती पाटीच पुरावा समजावी. आणखी एक. पुष्कळदा ‘हप्ता’ म्हणून ज्यावर सही होते ते कर्ज असते. शिक्षण मध्येच बंद पडले तरी ते बंद पडत नाही. कागद घरी आणून, कोणाकडून तरी वाचून घेऊन, मग सही करावी.

येथे कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसाने एवढी चौकशी करावी कशी? आक्षेप रास्त आहे. सगळा भार एकट्या माणसावर टाकणे हाही अन्यायच आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, हे काम एकेकट्याने करावयाचे नाही. युनियनची कचेरी, मोहल्ल्यातील वाचनालय, गावातील महाविद्यालय, ह्यांनी वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या प्रवेशांच्या वेळी, आयोगाची यादी काढून भिंतीवर लावावी. एका कागदाने शंभर घरे वाचतील. विद्यापीठांनी, बाहेरचे कोणते श्रेयांक आपण घेतो, हे मराठीत छापून दारावर लावावे. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी, बढतीला कोणत्या पदव्या चालतील, हे कामगार शिकावयास लागण्यापूर्वी सांगावे, शिकून आल्यावर नव्हे. आणि आम्ही युनियनवाल्यांनी पुढील करारात हे कलम मागावे. आणि कोणी सांगतच नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून साध्या कागदावर सरकारी विद्यापीठाला किंवा आयोगाला विचारता येते की, अमुक संस्थेचा अमुक अभ्यासक्रम अमुक सत्रासाठी मंजूर होता काय? लाखाची फी भरण्यापूर्वी दहा रुपयांचा हा अर्ज जड नाही.

शिकणाऱ्याला भिववून घरी बसवावे, हा ह्या लेखाचा हेतू नाही. उलट, ज्याने हे पाच प्रश्न विचारले आणि ज्याला पाचांची लेखी उत्तरे मिळाली, त्याने बेधडक प्रवेश घ्यावा. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणून कोणी नाक मुरडले, तर आयोगाचा नियम त्याच्यापुढे ठेवावा. कामगार आठ तासांचा पगार मोजून घेतो, ओव्हरटाइमचा हिशेब तपासतो, भविष्यनिर्वाह निधीची नोंद पाहतो. त्यात त्याला संकोच वाटत नाही, कारण तो त्याच्या श्रमाचा मोबदला असतो. पाळी करून आल्यावर दिव्याखाली केलेला अभ्यास हाही श्रमच आहे. त्या श्रमाची नोंद खऱ्या वहीत होते की खोट्या, हे पाहण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आणि तो हक्क त्याने पहिला रुपया देण्यापूर्वी बजावावा, एवढेच आमचे सांगणे.